लातूरच्या कारखान्यातनं महिन्याला किती डबे निघणार ते एकदा सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात रेल्वेचे डबे बनवण्यावर मोठा लेख होता. किती कोटींचा करार, किती रोजगार, गाडी किती स्पीडनं पळणार सगळं होतं त्यात, पण एक आकडा कुठंच नव्हता, दर महिन्याला किती डबे बाहेर पडणार आणि ही ऑर्डर किती वर्षं टिकणार. मी अशा बातमीत आधी तोच आकडा शोधतो कारण माझं पोट त्याच्यावर आहे. माझं छोटं वर्कशॉप आहे, डब्यातल्या वायरी ज्याच्यातनं जातात ते स्टेनलेसचे केबल ट्रे आणि त्यांचे ब्रॅकेट आम्ही बनवतो. थेट रेल्वेला नाही देत, मधे एक मोठी पार्टी आहे, तिला देतो, ती पुढं कोच फॅक्टरीला देते. म्हणजे साखळीतला मी तिसरा-चौथा माणूस, आणि साखळी वरनं हलली की सगळ्यात जास्त झटका शेवटच्या कडीलाच बसतो.

घरचे, पाहुणे, सगळे एकच विचारतात, अरे गाडीत पाय ठेवायला जागा नाही, वेटिंग लिस्ट संपत नाही, आणि तू म्हणतोस गाडी बनवणाऱ्याला काम नाही, हे कसं काय? बरोबर आहे त्यांचं. मलाही धंद्यात पडायच्या आधी असंच वाटायचं. पण गर्दी ही गरज झाली, ऑर्डर नव्हे. गरजेची ऑर्डर व्हायला मधे बजेट लागतं, डिझाईन फायनल व्हावं लागतं, टेंडर लागतं, ते टेंडर रद्द न होता टिकावं लागतं, आणि एवढं सगळं होईपर्यंत कारखान्यातला माणूस घरी बसलेला असतो.

आणि काम देशात कमी आहे असंही नाही हं. २०२४-२५ या एका वर्षात रेल्वेच्या कारखान्यांनी ७,१३४ डबे बनवले. चेन्नईच्या आयसीएफनं (इंटिग्रल कोच फॅक्टरी) ३,००७, कपूरथळ्यानं २,१०२, रायबरेलीनं २,०२५. छाती भरून यावी असाच आकडा आहे, मी नाही म्हणत नाही. आता बेरीज करून बघा, तिघांचे मिळून बरोब्बर ७,१३४ होतात. लातूरच्या वाट्याला काय उरलं ते सांगायची गरज नाही.

लातूरचं थोडं उगाळतो, कारण आपल्याकडं हे लोक पटकन विसरतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, पाच लाख लिटर पाणी. रेल्वेनं ज्या गावाची तहान भागवली त्या गावात दोन वर्षांनी, ३१ मार्च २०१८ ला, रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं, तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. वर्षाला २५० डब्यांपासून सुरुवात आणि पुढं वाढवायचं असं ठरलेलं. काम पण झटपट झालं, खोटं कशाला बोला, २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला, तोही कोरोनाच्या वर्षात. फोटो निघाले, पेढे वाटले. आणि मग शांतता. इमारत उभी, शेड उभं, क्रेन उभ्या आणि आत नियमित काम नाही.

मग २०२३ ला वंदे भारत स्लीपरचा करार झाला. १२० गाड्या, एका गाडीची किंमत १२० कोटी, १६ डब्यांची गाडी, म्हणजे १,९२० डबे, वर ३५ वर्षांचं मेंटेनन्स. रशियन कंपनी आणि आपली आरव्हीएनएल (रेल विकास निगम, रेल्वेचीच सरकारी कंपनी) यांची भागीदारी, काम लातूरला. आम्हा छोट्या व्हेंडर लोकांत नुसती धावपळ उडाली. मी स्वतः दोन पोरांना वेल्डिंगच्या सर्टिफिकेटला बसवलं. पण आधी कंपनीत कुणाचा वाटा किती यावरनं घोळ, मग टॉयलेट किती, पँट्री कुठं, सामानाची जागा किती यावरनं पत्रव्यवहार, मग गाडी १६ डब्यांची की २४ डब्यांची. प्रवाशाला टॉयलेट जास्त पाहिजे हे मान्यच आहे, मी पण प्रवासी आहे, पण हे टेंडर काढायच्या आधी ठरवता येत नव्हतं का? डब्याचा लेआउट इंचभर सरकला की माझ्या ट्रेचं ड्रॉइंग बदलतं, ड्रॉइंग बदललं की जिग बदलतो, आणि जुना जिग भंगारात.

जिग म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. दोन मिलिमीटरचा स्टेनलेसचा पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेनं ओढला जातो, पिळा पडतो. त्याला सरळ धरून ठेवणारा जो साचा, तो जिग. मापात एखादा मिलिमीटर फरक झाला तरी पुढं फॅक्टरीत बोल्ट बसत नाही आणि सगळा लॉट परत. हा जिग बनवायला वेळ आणि पैसा लागतो, पण ते सोडा, पैसा उभा करता येतो. तो जिग चालवणारा माणूस उभा करता येत नाही. माझ्याकडं एक वेल्डर होता, टिग वेल्डिंग, म्हणजे पातळ पत्र्याचं नाजूक वेल्डिंग करायचा, नाव लिहीत नाही. शिवण अशी घालायचा की तपासायला आलेला माणूस बोट फिरवून पुढं जायचा, भिंग काढायचाच नाही. हा हात बसायला तीन वर्षं गेली होती, त्यात त्यानं माझा किती पत्रा वाया घालवला तो मलाच माहीत. मधे काम थांबलं. वरची पार्टी म्हणायची शेड्यूल, म्हणजे कधी किती माल द्यायचा तो कागद, येतंय, येतंय, पुढच्या महिन्यात नक्की. मी पाच महिने त्याला अर्ध्या पगारावर धरला, ग्रिल आणि जिन्याचे कठडे करायला लावले, त्यालाही लाज वाटायची आणि मलाही. सहाव्या महिन्यात तो आखातात गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी शेड्यूल आलं, आणि आलं ते कसं, पाच महिन्यांचा माल दीड महिन्यात द्या, उशीर झाला तर दंड. आता मला सांगा, दीड महिन्यात कुठनं आणू तीन वर्षांचा हात?

बँकेचं वेगळंच. शेड्यूल नाही तेव्हा कॅश क्रेडिटचं व्याज चालूच, वीजबिलात फिक्स डिमांडचे पैसे भरायचेच, मशीन बंद असलं तरी. आणि स्टेनलेसचा भाव निकेलवर नाचतो, जुन्या रेटवर घेतलेली ऑर्डर सहा महिन्यांनी सुरू झाली की नफा पत्र्यातच गेला. नवीन पोरं विचारतात, काका रेल्वेत यावं का? मी स्पष्ट सांगतो, दुसरं काहीतरी चालू असेल तरच ये, नुसत्या रेल्वेवर घर चालवू नको. हे सांगताना वाईट वाटतं कारण काम खरंच चांगलं आहे, आपण केलेली वस्तू देशभर फिरते.

हे सगळं माझ्या एकट्याचं रडगाणं असतं तर पत्र लिहिलं नसतं. पण वरपर्यंत हेच आहे. वंदे भारतचंच बघा. २०१८ ला आयसीएफच्या इंजिनिअरांनी आपल्या डोक्यानं, आपल्या हातानं गाडी बनवली, फेब्रुवारी २०१९ ला दिल्ली-वाराणसी धावली, लोकांनी डोक्यावर घेतली. मग लगेच दहा, वीस, चाळीस यायला पाहिजे होत्या ना? दोनच गाड्या निघाल्या आणि गाडं अडलं. पुढच्या ४४ गाड्यांचं टेंडर ऑगस्ट २०२० ला रद्द झालं, ते परत काढून जानेवारी २०२१ ला काम दिलं गेलं, आणि सुधारित गाडी गांधीनगर-मुंबई धावली ती थेट ३० सप्टेंबर २०२२ ला. पहिल्या गाडीपासून तिथपर्यंत साडेतीन वर्षं. एवढ्या काळात तर माणूस शिकलेलं विसरतो. नंतर अॅल्युमिनियमच्या १०० गाड्यांचं टेंडर आलं, भाव एका गाडीला १५० कोटींच्या घरात गेला म्हणून तेही रद्द. जास्त भावाला नाही म्हणणं चूक नाही, जनतेचाच पैसा आहे तो, पण त्या टेंडरच्या भरवशावर ज्यांनी मशीन बुक केली त्यांनी कुणाकडं बघायचं?

मुंबईकरांना हे लोकलवरनं पटकन कळेल. एमयूटीपी, म्हणजे मुंबईच्या लोकल सुधारण्याचा प्रकल्प, त्याचे ३ आणि ३ए हे टप्पे मिळून २३८ एसी लोकल घ्यायच्या आहेत. पहिल्याला मंजुरी २०१६ ची, दुसऱ्याला २०१९ ची. टेंडर निघालं, रद्द झालं, आणि २०२५ मध्ये परत काढलं, २,८५६ डब्यांचं. आणि दारात लटकणारा माणूस लटकतोच आहे. हेच काम २०१९ पासून दर महिन्याला दोन-तीन गाड्या असं सुरू झालं असतं तर आज बहुतेक गाड्या रुळावर असत्या. आपल्याला एकदम मोठा घास घ्यायचा असतो, मग तो घशात अडकतो.

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. जिथं रेल्वे जन्माला आली त्या इंग्लंडची गोष्ट ऐका. तिथं रेल्वेचं खासगीकरण करताना नव्या गाड्यांच्या ऑर्डरी थांबल्या, सलग १,०६४ दिवस एकही ऑर्डर नाही. १९९६ ला यॉर्कचा डब्यांचा कारखाना बंद झाला. दोन वर्षांनी एका अमेरिकन कंपनीनं तिथंच मालगाडीच्या वाघिणी बनवायला घेतल्या, मोठी ऑर्डर होती, ती संपली आणि २००२ ला परत कुलूप. डर्बीचा कारखाना १८७६ चा, अजून चालू आहे, पण कसा, तर दर दहा वर्षांनी श्वास अडकवून. २०११ ला लंडनच्या थेम्सलिंकचं काम सीमेन्सकडं गेलं, १,१४० डबे, ते जर्मनीत बनले, आणि डर्बीत १,४०० च्या वर लोकांना घरी पाठवायची घोषणा झाली. २०१४ ला क्रॉसरेलचं काम मिळालं, जीव आला. २०२४ ला परत तेच, हातातलं संपलेलं आणि हायस्पीड गाड्यांचं काम सुरू व्हायला अजून दोन वर्षं. शेवटी दहा गाड्यांची जादा ऑर्डर देऊन वेळ मारून नेली. गाड्या लागत नव्हत्या असं नाही, लागत होत्याच. मधल्या रिकाम्या काळाची जबाबदारी कुणाचीच नव्हती एवढंच.

आता कुणी म्हणेल एक्सपोर्ट करा की. करतोच आहोत. आयसीएफ फार पूर्वीपासून बाहेर डबे देतंय, बिहारमधल्या मरहौऱ्याच्या इंजिनांना आता आफ्रिकेतला गिनी देश गिऱ्हाईक आहे, सिडनी मेट्रोच्या सुरुवातीच्या २२ गाड्या आंध्रातल्या श्रीसिटीत बनल्या. अभिमानाची गोष्ट आहे. पण गुजरातमधल्या सावली या गावच्या कारखान्याची एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं २०१४ ला ७५ गाड्या मागवल्या, त्या या सावलीच्या कारखान्यात बनल्या. तिथं गेल्यावर व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना टॉयलेटपर्यंत जायला नीट वाट नाही म्हणून बोंब झाली, डिझाईनच्या मंजुरीतच चूक होती. दुरुस्तीचं काम मग तिथल्याच मेरीबरोच्या कारखान्याला मिळालं, आणि नंतर त्या सरकारनं ठरवलं की पुढच्या ६५ गाड्या मेरीबरोजवळच बनवायच्या. म्हणजे बघा, आपल्याकडं जी एक्सपोर्ट ऑर्डर म्हणून येते ती तिकडं कुणाच्या तरी वर्कशॉपमधनं गेलेली ऑर्डर असते, आणि संधी मिळाली की ते ती परत ओढून घेतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. एक्सपोर्ट वरकमाई म्हणून ठीक, रोजची भाकरी घरच्याच ऑर्डरीवर पाहिजे.

आणि रेल्वेला अशी वर्षानुवर्षांची पक्की ऑर्डर देणं जमत नाही असं मुळीच नाही. इंजिनांना कसं जमतं? बिहारमधल्याच मधेपुऱ्याला ८०० इंजिनं ११ वर्षांत, मरहौऱ्याला १,००० इंजिनं ११ वर्षांत, आता गुजरातच्या दाहोदला १,२०० इंजिनं ११ वर्षांत. त्यातही मरहौऱ्याला २०१७ ला धक्का बसलाच होता, सगळे मार्ग विजेवर नेणार तर डिझेल इंजिन कशाला म्हणून, पण करार टिकला म्हणून आज तिथनं बाहेरदेशी माल जातोय. चाकांचं तर त्याहून चांगलं उदाहरण आहे. २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि वंदे भारतची चाकं तिकडंच अडकली, मग ती रोमानियामार्गे आणायची धडपड. त्यावरनं रेल्वे शहाणी झाली आणि २०२३ ला देशातल्याच कंपन्यांना शब्द दिला, वर्षाला ८०,००० चाकं २० वर्षं आम्ही घेणार. वीस वर्षं! तो कागद घेऊन माणूस बँकेत ताठ मानेनं जाऊ शकतो. चाकाला जे जमतं ते डब्याला का नाही?

एक गोष्ट मात्र मान्य करतो, नाहीतर मी फक्त माझ्याच फायद्याचं बोलतोय असं वाटेल. कायमची ऑर्डर मिळाली की माणूस सुस्तावतो. १९५५ ला स्विस कंपनीच्या मदतीनं आयसीएफ सुरू झालं, आणि त्याच जातीचे जुने डबे आपण २०१८ पर्यंत बनवत बसलो. एलएचबी या जर्मन कंपनीचं जास्त सुरक्षित डिझाईन २००० च्या सुमाराला हातात आलेलं असताना. अपघातात एकमेकांवर चढणारे डबे आपण आणखी १७-१८ वर्षं बनवले. त्यामुळं सगळं काम एकालाच, कायमचं, डोळे झाकून द्या असं मी म्हणत नाही. मी म्हणतो पायापुरतं द्या. लातूर २५० डब्यांसाठी बांधलंय ना, मग महिन्याला दहा-बारा साधे डबे, जनरल म्हणा, मेमू (जवळच्या गावांमधे धावणारी विजेवरची गाडी) म्हणा, पाच वर्षांसाठी लिहून द्या, त्यावर जे काम असेल ते टेंडरनं, स्पर्धेनं. दहा डब्यांत माझे वेल्डर टिकतात. आज जनरल डब्यांची बोंब आहेच, ते पडून राहणार नाहीत.

आणि मेट्रोवाल्यांनीही थोडं एकत्र बसावं. पुण्याची गाडी २.९ मीटर रुंद, मुंबईची ३.२, कुठं करंट वरच्या तारेतनं, कुठं बाजूच्या रुळातनं, प्रत्येक शहर आपलं वेगळं टेंडर काढतं, कुणी ६९ डबे, कुणी १०२. एवढ्याशा ऑर्डरीसाठी नवा साचा, नवं ड्रॉइंग, नवं टेस्टिंग, आणि ती संपली की पुढच्या शहराची वाट. नागपूरचे ६९ डबे चीनहून आले, नागपुरात कारखाना काढायचा करारही झाला होता, तो कागदावरच राहिला. ६९ डब्यांसाठी कोण कशाला कारखाना काढेल? नागपूर, पुणे आणि पुढं येणारी शहरं यांनी एकच गाडी ठरवून एकत्र मागवली असती तर कारखानदार आपल्या पायांनी चालत आला असता. हे एका राज्यातलं काम आहे, दिल्लीची परवानगी लागत नाही एकत्र चहा प्यायला.

बंगालमध्ये आणि बिहारमध्ये काय झालं ते डोळ्यापुढं आहे म्हणून बोलतोय. वाघिणी बनवणाऱ्या सरकारी कंपन्या होत्या, बिहारात मुजफ्फरपूरची भारत वॅगन २०१७ ला गेली, बंगालची बर्न स्टँडर्ड बंद करायचा निर्णय २०१८ ला झाला. आणि चारच वर्षांनी, २०२२ ला रेल्वेनं वाघिणींची एवढी प्रचंड ऑर्डर काढली की एकट्या टिटागढ कंपनीच्या वाट्याला २४,१७७ आल्या. आधी दुष्काळ, मग महापूर, आणि मधे जे वाहून गेले ते परत आले नाहीत.

आता मुख्य विनंती, आणि ती रेल्वेला नाही, तुम्हालाच आहे. पावसाळ्यात तुमच्या पेपरात रोज एक चौकट असते, कोयना इतके टक्के, जायकवाडी इतके टक्के, उजनी इतके टक्के. लोक पेपर उघडला की आधी ती बघतात, आमच्याकडं तर मोठ्यानं वाचून दाखवतात. तशीच एक चौकट महिन्यातनं एकदा छापा, लातूर कोच फॅक्टरी, या महिन्यात बाहेर पडलेले डबे इतके, हातात असलेली ऑर्डर इतक्या महिन्यांची. बातमीदाराला एक फोन लावायचा आहे फक्त. आकडा शून्य असला तरी छापा, शून्य असला तर जरा मोठ्या टायपात छापा.

आपला नेहमीचा वाचक,
एक छोटा रेल्वे व्हेंडर